विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर

मुलांनो, आज आधी एक कोडं घालतो. असा कोणता पाहुणा आहे, जो तुमच्या घरी येताना स्वतःचं अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी, एवढंच काय पण लोणच्याची बरणीसुद्धा बरोबर घेऊन येतो? तुमच्या फडताळाला हात लावत नाही. पाणी तेवढं तुमच्या माठातलं पितो. आणि जायला निघाला, की आपलं सगळं गुंडाळून नेतो.

"असा पाहुणा आमच्या नशिबात कुठला!" असं तुमची आई म्हणेल. पण असा पाहुणा आहे, बरं का. तो माणूस नाही. तो आहे कॉम्प्युटरचा एक प्रोग्रॅम.

आपल्याकडे म्हण आहे ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर? तसे काही प्रोग्रॅम आपलं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतात. या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर, या गावाहून त्या गावाला. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट लिनक्सची आहे, पण तुम्ही लिनक्स कधी पाहिलं नसेल तरी घाबरू नका. विंडोजसारखीच तीही कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. पैसे न देता ती घेता येते, म्हणून बऱ्याच शाळांना ती परवडते.

आता साधे प्रोग्रॅम कसे राहतात ते आधी पाहू. त्यासाठी आपल्याच शहरात एक चक्कर मारू या.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, आणि त्याच्याही आधीचं खडकी. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. गाव वसवलं खरं, पण पाणी? त्याने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उताराच्या जोरावर गावात आणलं. तीच ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीसाठी पुढे अशीच एक नहर काढली. आता विचार करा, नहर आल्यावर प्रत्येक घराने आपापली विहीर कशाला खणायची? एकच नहर आणि तिच्यावर सगळं गाव. नहरीत गाळ साचला तर एकदाच काढायचा, पाणी सगळ्यांचं स्वच्छ!

लिनक्समधले नेहमीचे प्रोग्रॅम अगदी असेच राहतात. चित्र पडद्यावर दाखवणं, अक्षरं काढणं, आवाज वाजवणं, फाइल दाबून लहान करणं, ही कामं हजार प्रोग्रॅमना लागतात. मग प्रत्येकाने ती पुन्हा पुन्हा का लिहायची? म्हणून ती कामं करणारे तुकडे एकदाच लिहून सामायिक ठेवतात. त्यांना म्हणतात लायब्ररी. ग्रंथालय नव्हे हं! कामाच्या तुकड्यांचा सामायिक साठा. चित्राचा प्रोग्रॅम येतो आणि म्हणतो, "मला अमुक लायब्ररी पाहिजे." गाण्याचा प्रोग्रॅम येतो, तोही तीच मागतो. दोघांचं भागतं. जागा वाचते, मेमरी वाचते.

किती छान! मग अडचण कुठे आली?

अडचण आली आमच्या शनिवारच्या वर्गात. शहरातल्या एका शाळेत मी दर शनिवारी दुपारी जातो. तिथे कुणीकुणी दिलेले सहा जुने कॉम्प्युटर आहेत. मुलं त्यांच्यावर लिहितात, चित्रं काढतात, भित्तिपत्रकाची तयारी करतात. इंटरनेट मात्र नाही.

आठवीतल्या एका मुलीच्या बोटांत जादू होती. वहीच्या मागच्या पानावर ती बैल असा काढायची की शेपूट हलेल असं वाटावं. भित्तिपत्रकाचं मुखपृष्ठ कॉम्प्युटरवर रंगवायचं तिने मनावर घेतलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी क्रिटा आणतो." क्रिटा हा चित्रं रंगवायचा प्रोग्रॅम. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. जगातले मोठमोठे चित्रकार तो वापरतात आणि तो सगळ्यांना मोफत आहे.

लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायचा म्हणजे एरवी चुटकीसरशी काम. नाव सांगायचं, की प्रणाली स्वतःच इंटरनेटवरून तो प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणते. पण इंटरनेटच नसेल तर? क्रिटाची फाइल मी पेनड्राइव्हवर नेली. कॉम्प्युटर म्हणाला, "मला आणखी एक लायब्ररी पाहिजे." पुढच्या शनिवारी ती नेली. तिला आणखी तीन पाहिजे होत्या! त्या तिघींना आणखी काही. त्यातली एक होती, पण जुनी. नवी घालावी तर तिच्यावर चालणारा दुसराच प्रोग्रॅम अडून बसला. ती कावळ्या-चिमणीची साखळी गोष्ट असते ना, एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे पाठवतो? थेट तशी गत.

नहर वाहती असते तोवर नहरीसारखं सुख नाही. पण जिथे नहर पोचतच नाही, तिथे काय करायचं? तिथे पाण्याची बाटली बरोबर न्यायची!

हाच विचार सायमन पीटर नावाच्या एका माणसाने केला. २००४ साली त्याने 'क्लिक' नावाची युक्ती काढली. पुढे तिचं नाव बदलत गेलं आणि २०१३ पासून ती 'ॲपइमेज' म्हणून ओळखली जाते. युक्तीचं सूत्र एका ओळीचं आहे: एक प्रोग्रॅम, एक फाइल. प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी, त्याची चित्रं, त्याचं सगळं बिऱ्हाड एकाच फाइलमध्ये. बसवायचं काही नाही. फाइल आणा, चालवा. नको झाली की फाइल पुसून टाका, संपलं.

क्रिटा बनवणारे तो ॲपइमेजच्या रूपातही देतात. तारे दाखवणारा स्टेलेरियम, चित्रं आखायचा इंकस्केप, पत्रं आणि हिशेब लिहायचा लिब्रेऑफिस, हेही तसे मिळतात. लिब्रेऑफिसच्या मोठ्या डब्यात तर सगळ्या भाषा भरलेल्या असतात. मराठीसुद्धा!

पुढच्या शनिवारी ती एकच फाइल नेली. मुलं भोवती जमली. एकाने विचारलं, "काका, दोनदा क्लिक केलं तरी उघडत नाही. खराब आहे का?" खराब नव्हती. लिनक्स जरा सावध असते. बाहेरून आलेली फाइल ही नुसती वाचायची आहे, असंच ती धरून चालते. "ही चालवायची आहे" अशी परवानगी आपण द्यावी लागते. फाइलवर उजवं बटण दाबायचं, गुणधर्मांमध्ये जायचं आणि 'प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करायची. बस्स. ही परवानगी म्हणजे दाराची कडी. कडी आपल्याच हातात असते, हे लक्षात ठेवा. पुढे याचं काम पडणार आहे.

आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. पेनड्राइव्हवरून फाइल थेट चालवायला गेलात तर पुष्कळदा चालत नाही. बाजारातल्या पेनड्राइव्हची आतली मांडणी अशी असते की तिच्यात ही परवानगी लिहून ठेवायला जागाच नसते. म्हणून फाइल आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग परवानगी द्या.

त्या दुपारी क्रिटा उघडला. मुखपृष्ठावर बैल उभा राहिला. या वेळी निळा!

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं एका फाइलमध्ये मावतं कसं, आणि न उघडता चालतं कसं? ऐका तर.

ही फाइल म्हणजे डबा आहे. डब्याला दोन भाग. वरचा भाग अगदी छोटा, तो म्हणजे डब्याचा राखणदार. खालच्या भागात सगळं सामान दाबून, घडी घालून भरलेलं. तुम्ही फाइल चालवली की राखणदार जागा होतो. तो सामान बाहेर काढून पसारा मांडत नाही. तो कॉम्प्युटरला सांगतो, "हा डबाच एक फोल्डर आहे असं समज." मग लागेल तो जिन्नस लागेल तेव्हा आतूनच काढून दिला जातो. प्रोग्रॅम बंद केला की ते तात्पुरतं फोल्डर नाहीसं होतं. या जादूला 'फ्यूज' नावाची सोय लागते. काही कॉम्प्युटरवर तिची जुनी आवृत्ती नसते. उबुंटू लिनक्सच्या २०२२ सालच्या आवृत्तीपासून ती आपोआप येत नाही. तेव्हा जुन्या पद्धतीचा डबा रुसला तर समजावं, फ्यूज नाही. तसं झालं तरी डबा उघडून सामान एका फोल्डरमध्ये काढून घ्यायची सोय असतेच.

डबा भरायचा कसा? तेही अवघड नाही. एक फोल्डर करायचं. त्यात प्रोग्रॅम ठेवायचा आणि त्याच्या लायब्ररी ठेवायच्या. एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यात प्रोग्रॅमचं नाव आणि तो कशाचा आहे ते लिहायचं. एक छोटं चित्र ठेवायचं, तेच पडद्यावर दिसतं. आणि 'ॲपरन' नावाची फाइल ठेवायची, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते कळतं. मग 'ॲपइमेजटूल' नावाचं अवजार हे सगळं दाबून एका फाइलमध्ये बसवतं. झाकण लागलं!

पण भरणाऱ्याला एक शहाणपण लागतं. आपल्या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. समजा, त्या काळी तुम्ही गाडाभर माल घेऊन शहरभर फिरणार आहात. गाड्याची उंची कोणत्या दरवाजाच्या मापाने धराल? सगळ्यात उंच दरवाजाच्या मापाने धरलीत तर ठेंगण्या कमानीत गाडा अडकेल. ठेंगण्या दरवाजाच्या मापाने धरलीत तर सगळीकडून सुटेल. डब्याचंही असंच. प्रोग्रॅम अगदी नव्या लिनक्सवर तयार केला तर जुन्या लिनक्सवर तो अडतो. जुन्यावर तयार केला तर जुन्या-नव्या दोन्हींवर चालतो. म्हणून जाणते लोक डबा भरायला मुद्दाम जुनी, पण अजून वापरात असलेली आवृत्ती घेतात. आमच्यासारख्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांची कुणीतरी आठवण ठेवली, असं तेव्हा वाटतं.

आणि कोड्यातलं ते माठातलं पाणी? तेही सांगतो. डब्यात सगळं भरतात असं मी म्हटलं, पण अगदी मुळातल्या काही गोष्टी भरत नाहीत. कॉम्प्युटरच्या गाभ्याशी बोलणारी मूळ लायब्ररी, पडद्याच्या कार्डाशी बोलणारी लायब्ररी आणि बहुधा अक्षरांचे फाँट. या गोष्टी ज्याच्या घरी गेलो त्याच्याच वापरायच्या.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातांत एकदा वेगळ्या रूपात येऊन गेली आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या धनगरवाड्यावरच्या शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. नाव एक्सओ. आत लिनक्सच होती आणि तिच्यावर मुलांसाठी बनवलेला 'शुगर' नावाचा पडदा. या लॅपटॉपमध्ये साठवणीला जागा किती होती, सांगू? अवघी एक जीबी! आज तुमच्या घरातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. तिथे चित्रं काढायचा, लिहायचा, आवाज करायचा प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या गाठोड्यात बांधलेला असे. गाठोड्याच्या नावाला शेवटी 'एक्सओ' असं शेपूट. एक गाठोडं टाकलं की एक प्रोग्रॅम आला.

पण गंमत पाहा. या गाठोड्यात सगळं बिऱ्हाड नव्हतं. भाजी गाठोड्यात आणि भाकरी लॅपटॉपची. कारण सगळे लॅपटॉप एकसारखे होते, भाकरी घरोघर तीच मिळणार हे माहीत होतं. मग ओझं कशाला वाहायचं? सगळी घरं एकसारखी असली तर हलकं गाठोडं पुरतं. घर कसं असेल ते ठाऊक नसलं, तरच सगळं बिऱ्हाड लागतं.

आमच्या चित्रकार मुलीच्या बाबतीत तेच झालं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं दसरा झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, कोप्या टाकून राहतात आणि हंगाम संपला की परततात. त्या वर्षी घरी आजी आजारी. मुलीला मागे ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती बरोबर निघाली. हंगाम संपेपर्यंत तिकडच्याच शाळेत बसणार होती. जायच्या आधीच्या शनिवारी तिने विचारलं, "काका, क्रिटा इथंच राहणार ना?"

"का राहील?" मी म्हटलं. पेनड्राइव्हवर क्रिटाची फाइल टाकली. तिच्याशेजारी त्याच नावाचं, शेवटी 'डॉट होम' जोडलेलं एक फोल्डर ठेवलं. असं फोल्डर शेजारी असलं की प्रोग्रॅम आपल्या खोड्या-सवयी, म्हणजे कोणता कुंचला, कोणते रंग, त्यातच लिहून ठेवतो. नाहीतर त्या ज्याच्या घरी गेला त्याच्या कॉम्प्युटरवर राहून जातात. तिसरं फोल्डर तिच्या चित्रांचं. आणि हे सगळं राजरोस, बरं का! क्रिटा मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची प्रत काढून मैत्रिणीला द्यायची परवानगी बनवणाऱ्यांनीच दिली आहे.

चैत्रात ती परत आली. तिकडच्या शाळेत लिनक्स होती, पण भलत्याच आवृत्तीची. क्रिटा तरीही उघडला. फक्त चित्राखाली मराठीत नाव लिहायला गेली तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन! ते माठातलं पाणी, आठवतं ना? त्या कॉम्प्युटरवर देवनागरी फाँटच नव्हता. तिथल्या बाईंनी 'लोहित' हा मोफत फाँट आणून घातला आणि चौकोनांची अक्षरं झाली. पेनड्राइव्हवर अकरा चित्रं होती. कोपी, उसाचा फड, पहाटेची चूल, आणि थंडीत अंगावर पोतं घेतलेला बैल. या वर्षीचं आमचं भित्तिपत्रक त्या चित्रांचंच आहे.

आता थोडं पालकांसाठीही. मुलांनो, हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

बिऱ्हाड पाठीवर घेतलं की ओझं होतंच. क्रिटाची फाइल काही शे एमबींची भरते. दहा डबे ठेवले तर त्यांतल्या लायब्ररी दहादा साठवल्या जातात. नहरीचा फायदा इथे गेला.

दुसरी गोष्ट शिळेपणाची. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत एक मोठं भगदाड सापडलं. त्याला 'हार्टब्लीड' म्हणतात. इंटरनेटवरच्या गुपितांना कुलूप लावायचं काम करणारी ही लायब्ररी, आणि तिच्यातूनच गुपितं गळत होती. जिथे ती सामायिक होती, तिथे ती एक दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले की सगळे सुखरूप. नहरीतला गाळ एकदाच काढला ना, तसं. पण ज्यांनी तिची प्रत आपल्या डब्यात भरली होती, त्यांचा प्रत्येक डबा नवा भरावा लागणार. म्हणून डबा ताजा आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, ते अधूनमधून बघायला हवं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हा डबा कुणी भरला? वाटेत अनोळखी माणसाने दिलेला खाऊ आपण खातो का? नाही. मग कुणाच्याही पेनड्राइव्हवरून आलेली फाइल कशी चालवायची? तिला परवानगी दिलीत की तुम्ही जे जे करू शकता ते ते ती करू शकते. तुमच्या फाइली वाचेल, पुसेलसुद्धा. म्हणूनच मघाशी म्हटलं, कडी आपल्या हातात आहे. डबा बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यायचा. कुणा मित्राने दिला तर आधी विचारायचं, "तू कुठून घेतलास?" असं विचारण्यात अपमान नसतो.

या दोन टोकांच्या मधली वाटही काहींनी काढली आहे. २०१५ साली सुरू झालेलं 'फ्लॅटपॅक' बरेचसे प्रोग्रॅम मिळून एक सामायिक शिधा वापरायला देतं आणि प्रत्येकाला त्याच्या खोलीत बसवतं, उगाच घरभर फिरू देत नाही. उबुंटूवाल्यांचं 'स्नॅप' साधारण त्याच घराण्यातलं. पण त्यांना आधी घरात थोडी तयारी लागते. नुसती एक फाइल खिशात टाकून निघायचं असेल, तर ॲपइमेजच बरी.

मग नहर चांगली की बाटली? तुम्हीच सांगा! जो एका जागी राहतो, ज्याच्या दारात पाणी येतं, त्याने नहरीचंच प्यावं. ते ताजं असतं आणि सगळ्यांचं असतं. पण ज्याला आज इथं नि उद्या तिथं राहावं लागतं, त्याला बाटली पाहिजे. आणि ती भरून देणारं माणूस भरवशाचं पाहिजे.

या सुट्टीत एक करून पाहा. तुमच्या शाळेत किंवा शेजारी कुठे लिनक्स असेल तर मोठ्यांना विचारून स्टेलेरियमची एक फाइल आणा. परवानगी द्या, उघडा, आणि आज रात्री तुमच्या गावावर कोणते तारे उगवणार ते बघा. मग कॉम्प्युटर बंद करा, गच्चीवर जा, आणि ते खरंच तिथे आहेत का ते ताडून पाहा.